वाचकांचे प्रश्न : ओकच्या पिंपात मुरलेली स्पॅनिश रेड वाइन

या महिन्याच्या टपालात वाइनविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक आली आणि त्यांतील बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली : स्पेनमधील एखाद्या कौटुंबिक वाइनरीने ओकच्या पिंपात मुरवलेली रेड वाइन. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमधील बिल्बाओ येथे राहतो. घरी येताना त्याने रिओहा भागातील एका कौटुंबिक वाइनरीची बाटली आणली. तीवर ‘रेसेर्वा २०१९’ असे छापले असून मागच्या बाजूस टेम्प्रानियो, ग्रासियानो आणि मासुएलो ही द्राक्षांची नावे व अमेरिकन ओकच्या पिंपात २४ महिने ठेवल्याचा उल्लेख आहे. २०३१ मध्ये आमच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होतील, तेव्हा ती उघडावी अशी आम्हा उभयतांची इच्छा आहे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असे ऐकून आहे. सध्या बाटली खोक्यात घालून माळ्यावर ठेवली आहे. हे योग्य आहे का? आणि लाकडाच्या पिंपात ठेवल्याने वाइनचे नेमके काय होते?
— एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी एक विनंती करतो. पुढचे वाचण्यापूर्वी ती बाटली माळ्यावरून खाली काढावी आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत छत तापले की माळ्यावरची हवा खोलीतल्या हवेपेक्षाही गरम होते, आणि उष्णतेइतके वाइनचे नुकसान दुसरे काहीच करत नाही.

आता बाटलीवरच्या शब्दांकडे वळू. रिओहा हा उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यातला प्रदेश आहे. तेथील वाइनच्या मूळस्थानाला १९२५ पासून अधिकृत संरक्षण आहे आणि १९९१ मध्ये स्पेनमधील सर्वोच्च दर्जा मिळवणारा तो पहिला प्रदेश ठरला. बाटलीवर कोणता शब्द छापायचा हे तेथे मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. रेड वाइनच्या बाबतीत ‘क्रियांसा’ म्हणजे एकूण किमान दोन वर्षे मुरलेली आणि त्यांतले किमान एक वर्ष पिंपात राहिलेली वाइन. ‘रेसेर्वा’ म्हणजे किमान तीन वर्षे, त्यांत पिंपात किमान एक वर्ष व बाटलीत किमान सहा महिने. आणि ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणजे किमान पाच वर्षे, त्यांत किमान दोन वर्षे पिंपात आणि दोन वर्षे बाटलीत. मागच्या बाजूला नियामक मंडळाची छोटी क्रमांकित पट्टी असते, तिचाही रंग ठरलेला आहे : क्रियांसाला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी आणि ग्रान रेसेर्वाला निळा. आपल्या बाटलीच्या वाइनरीने पिंपातले सक्तीचे एक वर्ष दुप्पट केले आहे. ‘क्रियांसा’ या शब्दाचा मूळ अर्थ संगोपन, म्हणजे लहानाचे मोठे करणे, असा आहे. वाइन करणे हे काही आठवड्यांचे काम आहे. तिला वाढवणे हे वर्षांचे काम आहे, हा फरक त्या एका शब्दात स्पॅनिश लोकांनी नेमका पकडला आहे असे मला वाटते.

पिंपात काय घडते हे सांगताना आपल्याकडचा ‘मुरणे’ हा शब्द जवळचा आहे, मात्र तो थोडा जपून वापरायला हवा. लोणचे मुरते तेव्हा मीठ-मसाला फोडीत शिरतो. तसे लाकडातले काही अंश वाइनमध्ये उतरतात, हे खरे आहे. पिंप बनवताना फळ्या वाकवण्यासाठी आणि नंतर आतून शेकण्यासाठी त्यात विस्तव पेटवतात, आणि त्या आचेवर लाकडातील द्रव्ये बदलतात. व्हॅनिलाच्या शेंगेला सुवास देणारे व्हॅनिलिन आणि लवंगेला तिचा वास देणारे युजेनॉल ही दोन्ही द्रव्ये ओकमध्येही असतात. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्ये विशेष असतात, आणि त्यांचा वास ओल्या-सुक्या खोबऱ्याशी इतका जुळतो की कोकणात वाढलेल्या माणसाला तो पहिल्याच घोटाला ओळखीचा वाटावा.

परंतु ही अर्धीच गोष्ट झाली. लाकूड जे देते त्यापेक्षा, माझ्या मते, ते जे आत येऊ देते ते अधिक मोलाचे आहे. फळ्यांच्या सांध्यांतून, बुचाच्या भोकातून आणि लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा अत्यंत मंद गतीने आत झिरपते. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरलेली टॅनिने, ज्यांच्यामुळे तरुण वाइन जिभेला कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते, त्या प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडली जातात. तुरटपणा मवाळ होतो, रंग स्थिरावतो आणि जांभळट छटा हळूहळू विटकरी होत जाते. दरम्यान पिंपातील थोडी वाइन उडून जाते, म्हणून ते वेळोवेळी भरावे लागते. आणि तळाशी बसलेला साका मागे राहावा यासाठी वाइन ठरावीक महिन्यांनी एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात. चार-पाच वर्षे वापरलेल्या पिंपाचे लाकूड वासाच्या दृष्टीने जवळजवळ रिते झालेले असते, तरी ते श्वास घेऊ देण्याचे काम चोख करत राहते. म्हणून ओकमध्ये मुरलेली वाइन आणि ओकचा वास मारणारी वाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला स्वतःला पहिली आवडते.

स्पेनमध्ये अमेरिकेचे लाकूड का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. २२५ लिटरचे छोटे पिंप ही मुळात फ्रान्समधील बोर्दोची पद्धत असून लुसियानो दे मुर्रिएता यांनी १८५० च्या सुमारास आणि मार्केस दे रिस्काल यांनी १८५८ मध्ये स्थापन केलेल्या वाइनरीत ती रिओहात रुजवली. पुढे वेलीच्या मुळांतील रस शोषणाऱ्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी माल मिळवण्यासाठी सीमेवरची पिरेनीज पर्वतरांग ओलांडून रिओहात उतरले. आरो या गावाच्या रेल्वे स्थानकाभोवती आजही नामांकित वाइनरींची जी दाटी दिसते ती त्याच काळातली आहे, कारण पिंपे थेट आगगाडीत चढवता येत. पद्धत फ्रेंच घेतली, पण लाकूड मात्र अटलांटिकपलीकडून येऊ लागले. फ्रेंच ओक धाग्याच्या दिशेने फोडावाच लागतो, नाहीतर पिंप गळते. अमेरिकन ओकच्या नलिका नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असल्याने तो करवतीने कापता येतो आणि एका ओंडक्यातून अधिक फळ्या निघतात. स्वस्ताईतून आलेली ही सवय पुढे त्या प्रदेशाच्या चवीची ओळख होऊन बसली.

आता आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर. जुनी ती चांगली हा नियम सरसकट लागू होत नाही. बहुतेक प्रदेशांत वाइन तरुणपणीच विकतात आणि ती मुरवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. रिओहाची परंपरा याच्या उलट आहे. तेथे वाट पाहण्याचे काम वाइनरीने आपल्या तळघरात, १२ ते १४ अंशांच्या स्थिर गारव्यात, आपल्यासाठी अगोदरच केलेले असते, आणि रेसेर्वाचा शिक्का पडलेली बाटली हातात येते तेव्हा ती पिण्यास तयार असते. तशाच तळघरात ती आणखी दहा वर्षेही आनंदाने राहील. नौपाड्यातील घरात मात्र राहणार नाही. नेहमीच्या फ्रिजमध्ये काही महिने ठीक आहे, परंतु वर्षानुवर्षे ठेवल्यास तेथील कोरड्या हवेने बूच आक्रसते.

म्हणून माझा सल्ला असा की, ही बाटली आपण दोघांनी येत्या लग्नाच्या वाढदिवशी उघडावी. २०३१ साठी मुलाला आत्ताच सांगून ठेवावे की त्याच वाइनरीची, शक्य असल्यास त्याच २०१९ सालची, ग्रान रेसेर्वा त्या वर्षी घेऊन ये. कित्येक घरे, म्हणजे वाइनरी, ग्रान रेसेर्वा आठ-दहा वर्षांनीच बाहेर काढतात, आणि रिओहाच्या नियामक मंडळाने २०१९ च्या पिकाला ‘उत्कृष्ट’ ही सर्वोच्च श्रेणी दिलेली आहे, त्यामुळे ती मिळण्याची आशा रास्त आहे.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्येच उभी करून ठेवावी, म्हणजे असलाच तर साका तळाशी बसेल. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे म्हणतात, परंतु ती खोली युरोपातील जुन्या दगडी घराची आहे, ३० अंशांच्या आपल्या दिवाणखान्याची नव्हे. १६ ते १८ अंश योग्य. फ्रिजमधून काढून साधारण अर्ध्या तासाने पेल्यात ओतावी आणि शेवटचा घोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा.

प्रश्न : दुकानात बऱ्याच स्वस्त बाटल्यांवरही ओकचा उल्लेख असतो. माझा पुतण्या म्हणतो की पिंप वगैरे काही नसते, वाइनमध्ये लाकडाचे तुकडे टाकतात. ही फसवणूक नव्हे काय?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : पुतण्याचे म्हणणे काही बाटल्यांच्या बाबतीत खरे आहे. स्टीलच्या टाकीत शेकलेल्या ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडून काही आठवड्यांत वास उतरवता येतो. अनेक देशांत ही पद्धत पूर्वीपासून होती व युरोपीय संघाने तिला २००६ मध्ये परवानगी दिली. आरोग्याला त्यात अपाय नाही. यामागचे अर्थकारणही समजून घ्यावे : नव्या फ्रेंच ओकच्या एका पिंपाला कित्येक शे युरो पडतात आणि त्यात केवळ ३०० बाटल्यांची वाइन मावते.

फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तुकड्यांची वाइन पिंपाच्या नावाने विकली जाते, आणि युरोपीय नियमांनुसार तसे करता येत नाही. तुकडे वापरलेल्या वाइनवर पिंपात मुरवल्याचा दावा छापण्यास मनाई आहे. क्रियांसा व रेसेर्वा हे शब्द तर प्रत्यक्ष पिंपाशीच बांधलेले आहेत. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा : स्पेनच्या सर्वसाधारण नियमानुसार क्रियांसाला पिंपात सहा महिने पुरतात, तर रिओहा आणि रिबेरा देल दुएरो या प्रदेशांनी ती मर्यादा स्वतःहून १२ महिन्यांवर नेली आहे. त्यामुळे शब्दाबरोबर प्रदेशाचे नावही वाचावे. इंग्रजीतील ‘रिझर्व्ह’ या शब्दाला इतर अनेक देशांत असा कालावधीचा आधार नसतो, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नये. आपल्या नाशिकच्या अनेक वाइनरींमध्ये खऱ्या पिंपांची दालने आहेत. तेथे गेल्यास पिंपात किती महिने आणि पिंप नवे की जुने, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. मनापासून काम करणारा माणूस ते सांगताना थकत नाही.

प्रश्न : मी न्हावा शेवा येथे मालवाहतुकीच्या क्षेत्रात काम करते. उन्हात उभ्या कंटेनरमधील वाइन बिघडते का, आणि ते दुकानात कसे ओळखावे?
— एक वाचक, उलवे, नवी मुंबई

उत्तर : होय, बिघडते. साध्या पोलादी कंटेनरच्या आतले तापमान उन्हात बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते. वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकते आणि गार झाल्यावर त्याच फटीतून हवा आत शिरते. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजलेल्या मुरंब्यासारखा वास येतो व चव सपाट होते. काळजी घेणारे आयातदार शीत कंटेनर वापरतात. दुकानात बुचावरील वेष्टनाभोवती चिकटपणा किंवा ओघळ दिसत असेल, वेष्टन वर उचललेले असेल अथवा बाटली काचेच्या खिडकीत उन्हाला मांडलेली असेल, तर ती घेऊ नये.

प्रश्न : आमचे घर शुद्ध शाकाहारी आहे. जावयांनी स्पॅनिश वाइन आणली, परंतु ती गाळताना अंडे वापरतात असे कोणी सांगितल्यावर सासूबाईंनी ती बाजूला ठेवली. यात तथ्य आहे काय?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : तथ्य आहे, आणि सासूबाईंचा निर्णय समजून-उमजून घेतलेला आहे. पिंपात मुरलेल्या रेड वाइनमधील उरलेला तुरटपणा व गढूळपणा काढण्यासाठी फेटलेला अंड्याचा पांढरा भाग पिंपात घालण्याची पद्धत जुनी आहे. त्यातील प्रथिन टॅनिनांना धरून तळाशी बसते आणि वरची निवळलेली वाइन काढून घेतात. आरो येथील मुगा हे घर आजही आपल्या रेड वाइनसाठी ही पद्धत अभिमानाने पाळते. अंडे साक्यासोबत निघून जात असले तरी ते वापरले गेले होते, हे खरेच. सर्व घरे तसे करत नाहीत. काही केवळ काळाच्या ओघात वाइन निवळू देतात, काही बेंटोनाइट नावाची माती अथवा वनस्पतिजन्य प्रथिने वापरतात. बाटलीवर ‘व्हेगन’ असे स्पष्ट छापलेले असेल तरच निःशंक व्हावे. युरोपात अंड्याचा अंश आढळल्यास तसे लिहिणे बंधनकारक आहे, तेव्हा मागची चिठ्ठी जावयांकडून एकदा नीट वाचून घ्यावी.

प्रश्न : ‘कौटुंबिक वाइनरी’ या शब्दांना खरोखर काही अर्थ आहे, की ती केवळ जाहिरात आहे?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : क्रियांसा किंवा रेसेर्वा यांच्यासारखी ‘कौटुंबिक’ या शब्दामागे कालावधीची कोणतीही अट नाही, त्यामुळे तो शब्द स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही. मात्र ओकमध्ये मुरणाऱ्या वाइनच्या बाबतीत कुटुंबाचा प्रश्न भावनेचा नसून भांडवलाचा आहे, आणि म्हणून मी त्याला महत्त्व देतो.

असे पाहा : आज तोडलेल्या द्राक्षांची ग्रान रेसेर्वा करायची असेल, तर किमान पाच वर्षे त्या मालाचा एक पैसाही हाती येत नाही. या काळात पुढची पाच पिके येतात, त्यांचीही पिंपे भरतात, तळघर वाढवावे लागते, मजुरी द्यावी लागते. दर तिमाहीला हिशेब मागणाऱ्या भागधारकांसमोर ही रीत टिकवणे कठीण असते. ज्या घरात आजीने लावलेल्या वेलींचे उत्पन्न नातवंडे घेतात, तेथे ती सहज समजते. आपल्याकडे आंब्याची कलमे लावणारा माणूस जसा हिशेब करतो, तसाच हा हिशेब आहे.

आरो येथील लोपेस दे एरेदिया हे १८७७ साली स्थापन झालेले घर याचे ठळक उदाहरण आहे. ते आजही त्याच कुटुंबाकडे असून आपली पिंपे तेथेच, अमेरिकन ओकपासून, स्वतःच्या कारागिरांकडून बनवून घेते. तळघरातील कोळ्यांची जाळीही त्यांनी मुद्दाम राखली आहेत, कारण बूच पोखरणाऱ्या पतंगांना कोळी आवर घालतात. त्यांची ग्रान रेसेर्वा कायद्याने सांगितलेल्या पाच वर्षांच्या कितीतरी पुढे, काही वेळा वीस वर्षांनंतर, विक्रीस येते. १९३२ मध्ये सुरू झालेल्या मुगा घराचीही स्वतःची पिंपशाळा आहे. याउलट मोठ्या कंपन्यांच्या मालकीची काही घरेही उत्तम काम करतात, आणि कुटुंबाचे नाव मिरवणारी काही घरे सामान्य वाइन विकतात, हेही सांगितले पाहिजे. बाटलीवर मळा आणि पिंपातला काळ स्पष्ट दिलेला असेल, वाइन त्याच घरी बाटलीत भरल्याचा उल्लेख असेल, तर ‘कौटुंबिक’ या शब्दाला वजन आहे असे मी धरतो.

प्रश्न : अशा वाइनसोबत आपल्या घरचे कोणते पदार्थ जुळतील?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : रिओहात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बारीक फासळ्या भाजतात, मीठ सोडल्यास त्यावर फारसे काही नसते. त्यावरून दिशा घ्यावी. जहाल तिखटाने वाइनमधील मद्य अधिक जळजळते आणि टॅनिन अधिक तुरट लागते, म्हणून तांबडा रस्सा किंवा झणझणीत सावजी यांच्यासोबत ती उघडू नये. ठाण्याच्या सीकेपी घरांतला खिमा, मिरी-लवंगेचे सुके मटण, सुक्या खोबऱ्याच्या वाटणातली भरली वांगी किंवा काळ्या वाटाण्याची आमटी, यांपैकी काहीही तिखट निम्म्यावर आणून करावे; भाजलेले खोबरे आणि अमेरिकन ओक यांचे तर सूत चटकन जमते. मासळीसोबत मात्र, विशेषतः बांगड्यासारख्या तेलकट मासळीसोबत, रेड वाइनमधील लोहामुळे तोंडात धातूसारखी चव उतरते, तेव्हा त्या दिवशी बाटली बंदच राहू द्यावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा वास कधीकधी पहिल्यापेक्षाही खुलतो.